तीन बाटल्यांची चव

ही गोष्ट घडेल तेव्हा तुम्ही आजीआजोबा झालेले असाल. तेव्हा जुन्या नावांची पुन्हा टूम निघालेली असेल, म्हणून या गोष्टीतल्या अकरा वर्षांच्या मुलीचं नाव भागीरथी आहे आणि तिच्या आजोबांचं नाव प्रथमेश. हसू नका. तुमच्या वर्गातल्या प्रथमेशलाही एक दिवस नातवंडं होणारच आहेत. जे अजून घडायचं आहे ते घडून गेल्यासारखं सांगायची गोष्टींना खोड असते, तेव्हा मीही तसंच सांगतो.

कोकणात कांदळवेळ नावाचं गाव होतं. सह्याद्रीतून आंबवी नदी उतरायची आणि कांदळवेळच्या खाडीत समुद्राला मिळायची. खाडी म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा हात. भरतीला तो हात लांब व्हायचा, ओहोटीला आखडायचा. या खाडीत बांबूचे तराफे तरंगत असत, तराफ्यांना दोऱ्या बांधलेल्या असत आणि दोऱ्यांना जाळीचे पिंजरे. पिंजऱ्यांत कालवं वाढत. कालव हा शिंपल्यात राहणारा जीव. तो जागचा हलत नाही, पाणी आत घेतो, त्यातले बारीक कण खातो आणि पाणी बाहेर सोडतो. कांदळवेळ गाव वर्षभर या कालवांवरच जगायचं. भागीरथीची आई शर्वरी हिचेही चार तराफे होते.

आश्विनातल्या अष्टमीची सकाळ होती. भागीरथी धक्क्यावर गेली तर तिथे जत्रा भरलेली. धक्क्याच्या पायऱ्यांवर चिंबोऱ्या (खाडीतले मोठे खेकडे) चढत होत्या. एक नाही, दोन नाही, पायरी दिसेनाशी झाली होती. लोक घरून बादल्या, टोप, काय सापडेल ते घेऊन आले होते आणि चिंबोऱ्या अंगणातली फुलं वेचावीत तशा वेचत होते.

"आज देवच पावला बाय," शेजारच्या सुगंधाकाकी म्हणाल्या. "जाळं नको, गरी नको. चालत घरी येतायत."

भागीरथीनेही एक उचलली. उचलली आणि तिथेच थबकली. चिंबोरी तिला चावली नाही. एरवी नुसतं बोट दिसलं तरी नांग्या उगारणारी ती, आता हातात मुकाट पडून होती. भागीरथीने तिला पाण्यात सोडलं. चिंबोरी वळली आणि पुन्हा पायरी चढू लागली.

पाण्यात जन्मलेल्या जिवाला पाणी नकोसं का झालं?

धक्क्याच्या टोकाला प्रथमेश आजोबा उकिडवे बसले होते. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि थुंकून टाकलं. मागे माणसं वाट बघत उभी होती.

"गोडं हाय अजून," आजोबा म्हणाले. "निजू दे त्यांना."

माणसं पांगली. आता हे निजणं काय, ते सांगायला हवं. कालवांना खारं पाणी लागतं. नदीला पूर आला की खाडीत गोडं पाणी भरतं आणि कालवं मरू लागतात. म्हणून पूर आला की गाव सगळे पिंजरे पार तळाशी सोडायचं. गोडं पाणी वर राहतं, खाली खारं असतं, तिथे कालवं सुखरूप राहतात. याला कांदळवेळमध्ये 'कालवं निजवणं' म्हणत. आधी आजोबा खाडीला नारळ द्यायचे, आपली दोरी सोडायचे, मग बाकीचे सोडायचे. त्यानंतर दोरीला कोणी हात लावायचा नाही. आजोबा रोज सकाळी पाण्याची चव घेणार आणि पाणी पुन्हा खारट लागलं की "उठवा" म्हणणार. तोवर गाव थांबायचं. आजोबांच्या जिभेवर गावाचा तेवढा विश्वास होता आणि तो त्यांनी कमावलेला होता.

यंदा पावसाळा संपता संपता घाटावर जोराचा पाऊस झाला. नदीवरचं धरण भरलं. धरणाचे दरवाजे उघडण्याचं काम एका यंत्राकडे होतं, त्याला सगळे 'द्वारपाल' म्हणत. द्वारपालाने पाऊस मोजला, धरणाची पातळी मोजली आणि दरवाजे उघडले. नदी सलग काही दिवस दुथडी भरून येत राहिली. गावाने रिवाजाप्रमाणे कालवं निजवली होती.

"आजोबा, चिंबोऱ्या वर का येतायत?" भागीरथीने विचारलं.

"पुराला भ्यायल्या असतील गो."

"पण पुराचं पाणी वर आहे ना? चिंबोऱ्या तर तळाशी राहतात. मग त्या गोड्या पाण्यातून वर का येतील? खालीच नाही का थांबणार?"

आजोबांनी तोंड पुसलं. काही सांगायच्या आधी ते नेहमी तोंड पुसत.

"शाळेत जा तू," ते म्हणाले.

"आज रविवार आहे."

"मग घरी जा."

भागीरथी घरी गेली ती थेट ओवीआत्याला फोन करायला. ओवीआत्या म्हणजे आजोबांची मुलगी, समुद्रविज्ञानात डॉक्टर झालेली आणि जिल्ह्याच्या गावी संशोधन केंद्रात काम करणारी. भागीरथीने तिला सगळं सांगितलं. चिंबोरी चावली नाही हे ऐकल्यावर आत्याने तेवढंच पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "चहा टाकून ठेव. मी डुबक्याला घेऊन निघते."

दुपारच्या आत आत्याची विजेची होडी धक्क्याला लागली. होडीत एक नारिंगी रंगाचं, कासवाएवढं यंत्र बसलेलं होतं. त्याला चार वल्ह्यांसारखे पाय होते आणि पोटाखाली काचेच्या बारीक नळ्या.

"नमस्कार," ते यंत्र म्हणालं. "मी डुबक्या. मी पाण्यात जातो आणि वर येऊन खरं ते सांगतो."

"म्हंजे माझंच काम करतोस," आजोबा म्हणाले. "मी फक्त बुडत नाय."

"तुम्ही क्षारता कशाने मोजता?"

"क्षारता म्हंजे?"

"पाण्यात किती मीठ आहे ते."

आजोबांनी जीभ बाहेर काढून दाखवली. डुबक्याने ती बराच वेळ नीट न्याहाळली. "हे यंत्र माझ्याकडे नाही," तो म्हणाला आणि डुबुक करून पाण्यात गेला.

सगळे शर्वरीच्या पहिल्या तराफ्यावर येऊन बसले. पाणी काचेसारखं शांत होतं. वाऱ्याचं नावही नव्हतं. इतकं सुंदर पाणी की त्यात काही बिघडलं असेल असं कोणाच्या मनातही येऊ नये. डुबक्या वर आला तेव्हा त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पाण्यात मीठ किती. दुसरी, पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती. हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि मासे, चिंबोऱ्या, कालवं त्यावरच श्वास घेतात. साखर विरघळली की दिसत नाही पण असते, तसाच तो असतो.

"वरच्या पाच हातांत मीठ नाही, प्राणवायू भरपूर," डुबक्या म्हणाला. "त्याच्याखाली मीठ एकदम सुरू होतं. तळाशी मीठ भरपूर आहे. प्राणवायू जवळजवळ नाही. तळाशी कोणी राहत असेल तर त्याची मला काळजी वाटते."

"तळाशी आमची कालवं आहेत," भागीरथी म्हणाली.

शर्वरीने दोरीकडे पाहिलं. त्या दोऱ्यांच्या टोकाला तिचं येतं वर्ष बांधलेलं होतं, आणि तिचंच नाही, खाडीतल्या प्रत्येक दोरीला कोणाचं ना कोणाचं होतं.

"मेली असतील?" तिने विचारलं.

"सगळी नाही," आत्या म्हणाली. "कालव वाईट पाण्यात शिंपला घट्ट मिटून घेतं आणि श्वास रोखल्यासारखं थांबतं. काही दिवस थांबू शकतं. पण त्यातले बरेच दिवस संपलेत, वहिनी."

आजोबा इतका वेळ पाण्याकडेच बघत होते. "खारं खाली, गोडं वर, ते ठाऊक हाय. पण पाणी एकच हाय ना?" ते म्हणाले. "वर तो वायू भरपूर आणि खाली नाय, हे कसं? एका टोपातला भात वर शिजतो आणि खाली कच्चा राहतो काय?"

"पाणी एक नाहीये, बाबा. तेच तर. वहिनी, घरात आगळ आहे?"

आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. कोकणात आगळ नाही असं घर शोधून सापडायचं नाही. शर्वरी घरी जाऊन बाटली, चमचा आणि काचेचे दोन पेले घेऊन आली. आत्याने एका पेल्यात चार बोटं आगळ ओतलं. मग आगळाच्या अगदी वर चमचा धरला आणि चमच्यावरून साधं पाणी हळूहळू सोडलं. पाणी लाल आगळावर जाऊन नुसतं बसलं. पेल्यात खाली लाल, वर स्वच्छ, आणि मधे फिकट गुलाबी रेघ.

"हे मिसळत कसं नाही?" भागीरथीने विचारलं.

"आगळात मीठ आहे. मिठाचं पाणी जड असतं. तेवढ्याच जागेत जास्त वजन भरलेलं असतं, त्याला घनता जास्त आहे असं म्हणतात. गोडं पाणी हलकं. हलकं जडावर तरंगतं. खाडीत नदी येते ती अशीच, या चमच्यावरून आल्यासारखी, वरच्या वर पसरते. याला स्तरीकरण म्हणतात (पाण्याचे थर पडणं)."

"म्हणजे आपल्या खाडीवर नदीचं झाकण बसलंय."

"अगदी बरोबर. आता सांग, हवेतला प्राणवायू पाण्यात कुठून शिरतो?"

"वरून."

"आणि झाकण कुठे आहे?"

भागीरथीने पेल्याकडे पाहिलं. वरच्या पाण्याला हवा लागत होती. खालच्या लाल थराला हवा लागायची तर मधलं सगळं पाणी ओलांडून यायला हवं होतं. ती म्हणाली, "खालच्याला नवा प्राणवायू मिळतच नाही. पण होता तो कुठे गेला?"

"तो खाल्ला. नदी नुसतं पाणी आणत नाही. पालापाचोळा आणते, माती आणते आणि शेतांतून धुपून आलेलं खत आणते. खतातलं नत्र आणि स्फुरद पाण्यातल्या बारीक हिरव्या वनस्पतींनाही आवडतं. त्या वरच्या थरात झपाट्याने वाढतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात (पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती). दोन-चार दिवस जगतात, मरतात आणि पाचोळ्याबरोबर तळाशी पडतात. तळाशी जिवाणू असतात, त्यांची पंगत बसते. ते हे सगळं कुजवतात आणि कुजवताना प्राणवायू वापरतात. पंगत मोठी आणि वरून पुरवठा बंद. मग संपणारच."

"म्हणून चिंबोऱ्या पायऱ्या चढतायत," भागीरथी हळूच म्हणाली. "त्या पुराला भ्यायल्या नाहीत. त्यांचा जीव गुदमरतोय. म्हणून ती मला चावली नाही. तिच्यात ताकदच नव्हती."

तिला त्या चिंबोरीला पुन्हा पाण्यात टाकल्याचं फार वाईट वाटलं.

आजोबांनी पेला हातात घेतला, उजेडाला धरला. "माझ्या बापाने निजवली," ते म्हणाले. "मीबी निजवत आलो. एक पिंजरा मेला नाय कधी. मग आताच कसा काय माझा रिवाज खोटा झाला?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर आत्याला सोपं गेलं असतं. ती त्यांच्याजवळ सरकून बसली.

"रिवाज खोटा नाही झाला, बाबा. नदी बदलली. तुमच्या वडिलांच्या वेळी धरण नव्हतं, तुमच्या वेळीही ते आता कुठे झालंय. पूर पावसाळ्यात यायचा, एक-दोन दिवस राहायचा, आणि पावसाळ्यात खाडीवर वारा किती असतो तुम्हाला माहीत आहे." तिने पेल्यात फुंकर मारली. पाणी हललं, गुलाबी रेघ डुचमळली आणि लाल रंग वर वर चढू लागला. "वारा आणि लाटा झाकण मोडायच्या. कालवं तळाशी गुदमरायच्या आत वरचा प्राणवायू खाली पोचायचा. आता धरण पाणी साठवून ठेवतं आणि पावसाळा सरल्यावर, वारा पडलेला असताना, एकदम आणि बरेच दिवस सोडतं. त्यात आज अष्टमी. समुद्र सुस्त."

हे मात्र आजोबांना सांगावं लागलं नाही. अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटीला जोर नसतो, त्याला ते भांग म्हणत. पौर्णिमा-अमावास्येला समुद्र खवळून आत येतो, ते उधाण. उधाण आलं की खाडी घुसळून निघते.

"म्हंजे कोजागरीच्या उधाणाला मोडेल झाकण," आजोबा म्हणाले.

"मोडेल. पण कालवं तोवर थांबणार नाहीत."

"मग वर काढा की आताच," शर्वरी उठत म्हणाली.

"वर गोडं पाणी आहे, आई," भागीरथी म्हणाली. "वर काढली तर तिकडे मरतील."

आत्याने काही सांगितलं नाही. ती नुसती भागीरथीकडे बघत राहिली. काही मोठी माणसं उत्तर ठाऊक असूनही गप्प बसू शकतात, आणि मला अशी माणसं फार आवडतात. भागीरथीने आगळाचा दुसरा पेला भरून घेतला, चमच्यावरून पाणी सोडलं आणि पेल्याला नाक लावून बघत बसली. वर गोडं, मीठ नाही. तळाशी पंगत, प्राणवायू नाही. तिने गुलाबी रेघेच्या जरा खाली बोट टेकवलं.

"इथे काय आहे? इथे मीठ सुरू झालंय. आणि पंगत तर पार तळाशी आहे. इथला प्राणवायू अजून सगळा संपला नसेल."

"डुबक्या?" आत्याने हाक मारली.

डुबक्या गेला आणि आला. "झाकणाच्या दोन हात खाली मीठ पुरेसं आहे. प्राणवायू वरच्या निम्मा आहे. मी कालव असतो तर इथे राहिलो असतो."

पण अडचण अशी होती की झाकण सगळीकडे सारखं जाड नव्हतं. नदीच्या मुखाजवळ जाड, समुद्राकडे पातळ. प्रत्येक तराफ्याखाली ते वेगळं मोजायला हवं होतं, आणि डुबक्या कामाचा पक्का असला तरी चालीने कासवच होता. सगळी खाडी पुरी करायला त्याला उद्याचा दिवसही लागला असता.

"आजोबांची जीभ आहे ना," भागीरथी म्हणाली. "झाकण म्हणजे जिथे गोडं संपून खारट लागायला सुरुवात होते ती जागा. ती तर आजोबांना कळेल."

"मी तळाची चव कशी घेनार गो? पाण्यात बुडून?"

भागीरथीने आगळाची रिकामी झालेली बाटली धुतली. तिच्या तळाला दगड बांधला, तोंडाला सैलसर बूच बसवलं आणि बुचाला वेगळी दोरी बांधली. बाटली हव्या तेवढ्या खोल सोडायची आणि दोरीला हिसका द्यायचा. बूच निघतं आणि तिथलंच पाणी बाटलीत भरतं. आत्या हसली. तिला तिच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत हेच करायला लावलं होतं, फक्त तिथली बाटली महाग होती.

पहिली बाटली तळातून आली. आजोबांनी ती तोंडाजवळ नेली आणि मागे घेतली. सडक्या अंड्यासारखा वास येत होता. प्राणवायू संपलेल्या चिखलात जिवाणू जो वायू तयार करतात त्याचा तो वास, आत्याने सांगितलं. आजोबांनी जिभेच्या टोकाने चव घेतली. खारट होती. त्यांच्या रिवाजाने हवी होती तशीच खारट.

"इतकी वर्सं खाडीची चव घेतोय," ते म्हणाले, "आणि नुसती वरची सायच चाखत राहिलो."

मग ते उठले आणि धक्क्यावर गेले. गाव जमलंच होतं. आजोबांनी एकदा सांगितलेलं कधी फिरवलं नव्हतं, आणि आज सकाळीच ते निजू द्या म्हणाले होते. सुगंधाकाकींच्या हातात अजून चिंबोऱ्यांची बादली होती.

"सकाळी सांगितलं ते मी परत घेतो," आजोबा म्हणाले. "निजवली ती चूक नव्हती. आता निजू दिली तर चूक होईल. तळात कालवांचा जीव कोंडलाय. वर बी काढू नका. दोऱ्या अर्ध्यावर घ्यायच्या. कुठवर ते मी परत्येक तराफ्यावर येऊन सांगतो."

"पण तात्या, रिवाज..." कोणीतरी मागून म्हणालं.

"रिवाज कालवांसाठी हाय. कालवं रिवाजासाठी नायत."

सारी दुपार ते काम चाललं. आत्या होडी हाकायची, भागीरथी बाटली सोडायची, हिसका द्यायची, वर ओढायची, आणि आजोबा चव घ्यायचे. गोडं. गोडं. मचूळ. खारट. "हितनं दोन हात खाली," ते सांगायचे आणि तराफ्यावरची माणसं पिंजरे तेवढ्यावर बांधायची. नदीच्या मुखाशी दोरी लांब लागली, समुद्राकडे येता येता आखूड होत गेली. डुबक्या मधूनच एखाद्या तराफ्याखाली जाऊन मोजायचा आणि दर वेळी म्हणायचा, "जिभेचं म्हणणं बरोबर आहे." त्याच्या सुरात थोडं नवल होतं, किंवा भागीरथीला तसं वाटलं.

निम्मे तराफे झाल्यावर आजोबा थांबले. त्यांनी एक बाटली दोनदा चाखली, मग तिसऱ्यांदा.

"काय झालं?" भागीरथीने विचारलं.

"मीठ खाऊन खाऊन जीभ लाकूड झाली. आता काय कळेना." त्यांनी बाटली तिच्यापुढे धरली. "तू बघ."

"मला नाही येणार."

"आगळ पिऊन वाढलीस ना? मग येईल."

भागीरथीने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि थुंकला. तिला आजोबांसारखं उकिडवं बसावंसं वाटलं, म्हणून ती तशी बसली. "मचूळ," ती म्हणाली. "अजून हातभर खाली जाऊ." बाटली पुन्हा गेली, पुन्हा आली. "खारट. हितनं दोन हात." तिच्या तोंडून 'हितनं' कधी निघालं ते तिला कळलंच नाही. उरलेल्या तराफ्यांवर मग तिनेच चव घेतली. डुबक्याने तिलाही तपासलं आणि एकदाच चूक काढली, अर्ध्या हाताची.

सगळी कालवं वाचली असं मी सांगणार नाही, कारण ते खरं नाही. शर्वरीच्या चौथ्या तराफ्याचे पिंजरे खाडीच्या सगळ्यात खोल खड्ड्यात होते. ते वर आले तेव्हा त्यातले बरेच शिंपले उघडे होते. जिवंत कालव बाहेर काढलं की शिंपला आवळून घेतं, मेलेल्याचा उघडाच राहतो. शर्वरीने ते एकेक करून वेगळे काढले. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. पण बाकी तीन तराफ्यांवरचे शिंपले गच्च मिटलेले होते. आणि हो, सकाळी पकडलेल्या चिंबोऱ्यांचं गावभर कालवण झालं, तेही मी लपवत नाही.

संध्याकाळी चहा पिताना शर्वरी म्हणाली, "त्या धरणाला कायमचं कुलूप घाला. नदी नको नि तिचं खत नको."

"दुष्काळाचं वर्ष आठवतं, वहिनी? नदी खाडीपर्यंत पोचलीच नव्हती. तेव्हा कालवं कशी होती?"

शर्वरीने आठवून पाहिलं. "पापडासारखी."

"कारण नदी आली नाही तर ते बारीक हिरवं खाणंही येत नाही. पाणी नको इतकं खारट होतं. खाडीतली घाण समुद्राकडे ढकलायला जोर राहत नाही, ती तिथेच फिरत बसते. खाडीला नदी हवी असते. किती आणि कधी, एवढाच प्रश्न आहे. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर थोडी थोडी आली तर ती जेवण घेऊन येते. शांत पाण्यावर एकदम आली तर झाकण घेऊन येते. आणि शेतातलं खत जेवढं शेतातच राहील तेवढी तळाची पंगत लहान."

"हे द्वारपालाला माहीत आहे?" भागीरथीने विचारलं.

"विचार त्याला."

डुबक्याने दिवसभराची मोजमापं द्वारपालाकडे पाठवली आणि भागीरथीने खाली आपला प्रश्न जोडला: तुम्ही पाणी सोडता तेव्हा खाडीचा विचार करता का? उत्तर लगेच आलं. द्वारपालाचा आवाज जड आणि संथ होता.

"मी पाऊस आणि धरणाची पातळी यांचा विचार करतो. माझ्या नकाशात नदी शेवटच्या पुलाशी संपते. त्याच्यापुढे काही आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"पुढे आम्ही आहोत," भागीरथी म्हणाली.

"नोंद घेतली," द्वारपाल म्हणाला. "पूर अंगावर आला तर मला दरवाजे उघडावेच लागतील. एरवी मी पाणी लहान लहान वाट्यांत सोडू शकतो, आणि मोठा वाटा उधाणासाठी राखून ठेवू शकतो. त्यासाठी खाडीची खबर मला रोज लागेल."

"रोज मिळेल," डुबक्या म्हणाला. त्याला त्या दिवसापासून कांदळवेळलाच ठेवून घेतलं.

कोजागरी झाली. उधाण आलं, समुद्रावरून वारा सुटला आणि खाडी दोन दिवस खळाळत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाव धक्क्यावर जमलं. पायऱ्या ओल्या आणि मोकळ्या होत्या. आजोबा टोकाला जाऊन बसले, पण त्यांनी ओंजळ भरली नाही. त्यांनी शेजारची जागा हाताने पुसली आणि भागीरथीला बसवलं. पुढे तीन बाटल्या ठेवल्या होत्या. एक वरच्या पाण्याची, एक मधल्या, एक तळाच्या.

भागीरथीने पहिली चाखली. मग दुसरी. तिसरीचा आधी वास घेतला. नुसता समुद्राचा वास होता. मग तिने चव घेतली आणि बाटल्या खाली ठेवून क्षणभर डोळे मिटले.

"काय गो?" आजोबांनी विचारलं.

"तिन्ही सारख्या लागतायत. कुठली कुठली होती ते आता मला सांगता येणार नाही."

"मग?"

"मग झाकण गेलं. पाणी परत एक झालंय."

डुबक्या पाण्यातून वर आला होता. त्याच्याकडे आकडे तयार होते, पण तो काही बोलला नाही. गप्प कधी राहायचं हे तो आत्याकडून शिकला असावा. माणसं दोऱ्यांना हात न लावता उभी होती. आजोबाही काही बोलेनात, तेव्हा भागीरथीच्या लक्षात आलं की सगळे तिच्यासाठी थांबलेत.

तिने तोंड पुसलं.

"उठवा," ती म्हणाली, आणि खाडीभर दोऱ्या वर येऊ लागल्या.